कामं मार्गी लावायचं इंग्रजी : वाळूज-शेंद्र्यात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

बीड, परभणी, हिंगोली, लातूरकडून डिप्लोमा किंवा बीएस्सी करून संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत दरवर्षी पोरं-पोरी रुजू होतात. त्यातली बहुतेक मराठी माध्यमाची असतात. व्याकरण त्यांना येत नाही असं मुळीच नाही. काळाचे बारा प्रकार पाठ असतात, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह झोपेतही करतील. पण पहिल्याच आठवड्यात मेल येतो, ‘कॅन यू लुक इंटू धिस अँड गेट इट साइन्ड ऑफ?’ आणि गाडी अडते. लुक माहीत, गेट माहीत, ऑफ माहीत. तिन्ही मिळून काय म्हणायलेत ते कळत नाही.

मी क्वालिटीत काम करतो, शाळा अंबाजोगाईकडची, मराठी माध्यमाची. नव्यांना हे सगळं तोंडी सांगून सांगून शेवटी लिहूनच काढलं. लेख फक्त कामाच्या इंग्रजीचा आहे. गप्पा, पिक्चर, मुलाखतीतलं ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ हे यात नाही.

आधी हे जवळ ठेवा

- एक शंभर पानी वही. मोबाइलमधली नोंद चालत नाही, कारण ती परत कुणी उघडत नाही.
- इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, शिकणाऱ्यांसाठीची. केंब्रिजची नेटवर फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. इंग्रजी-मराठी कोश सुट्या शब्दाला ठीक, पण ‘पुट अप विथ’सारख्या जोडीला त्याचा उपयोग फार कमी.
- तुमच्या विभागातले जुने मेल. सिनियरला विचारून घ्या, गोपनीय काही बाहेर नेऊ नका.
- तुमचा स्वतःचा ‘सेंट’ फोल्डर. त्याचं काय करायचं ते शेवटच्या पायरीत येईल.

इथे वाचायला सोपं जावं म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच लिहा, नाहीतर मेल टाइप करताना स्पेलिंग आठवणार नाही.

१. आधी मराठीत ठरवा : काम करणार कोण?

‘मी गाडी दुरुस्त केली’ असं आपण बिनधास्त म्हणतो, दुरुस्त मेकॅनिकने केलेली असली तरी. ‘उद्या केस कापायचेत’ म्हटल्यावर तुम्ही स्वतः कात्री घेऊन बसणार असं कुणाला वाटत नाही. इंग्रजीत मात्र ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हणजे पाना तुमच्याच हातात होता. दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’.

साचा असा : गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप.

- रिपोर्ट सही करून घेतो : ‘आय विल गेट द रिपोर्ट साइन्ड.’
- सँपल लॅबमधून तपासून घेतलं : ‘वुई गॉट द सँपल टेस्टेड.’
- गेज कॅलिब्रेट करून घ्यायचाय : ‘वुई नीड टू गेट द गेज कॅलिब्रेटेड.’

‘गेट’च्या जागी ‘हॅव’ चालतं, जरा औपचारिक वाटतं. मधली वस्तू विसरू नका. ‘आय विल गेट साइन्ड द रिपोर्ट’ असा क्रम होत नाही.

आता माणूस मध्ये आला की साचा बदलतो, आणि इथे मोठा खड्डा आहे. माणसाकडून काम करवून घेण्याचे तीन मार्ग :

- ‘गेट हिम टू चेक इट’ : समजावून, मागे लागून, विनंती करून करवून घेणं. यात ‘टू’ लागतो.
- ‘हॅव हिम चेक इट’ : त्याचं कामच आहे, त्याला सांगितलं की तो करतो. ‘टू’ नाही.
- ‘मेक हिम चेक इट’ : भाग पाडणं. इथेही ‘टू’ नाही.

मराठीतल्या ‘करायला लावलं’मुळे आपले लोक सगळीकडे ‘मेक’ वापरतात. ‘आय मेड अवर मॅनेजर साइन द डिव्हिएशन’ असा मेल एका पोराने पाठवलेला मी पाहिलाय (डिव्हिएशन म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काही चालवून घ्यायची परवानगी). वाचणाऱ्याला वाटलं असेल, मॅनेजरचा हात धरून सही करवली. वरिष्ठांच्या बाबतीत ‘गेट’च बरं. ‘आय गॉट हिम टू साइन इट.’

ही पायरी पक्की होईपर्यंत पुढे जाऊ नका. तिसरी रूपं शाळेत पाठ केलीच आहेत. डन, सेंट, पेड, चेक्ड, अप्रूव्ह्ड, रिप्लेस्ड एवढी हाताशी असली तरी कारखान्यातलं बरंच भागतं.

२. शॉप फ्लोअरवरचे शब्द मोडून वापरा

तुम्हाला जोडक्रियापदं येत नाहीत हा गैरसमज आहे. ‘मशीन ब्रेकडाऊनला गेलं’, ‘सेकंड शिफ्टला हँडओव्हर दिला का’, ‘व्हेंडरचा फॉलोअप घे’, ‘सेटअपला वेळ लागायलाय’. मराठीचा शब्द न येणारा परप्रांतीय ऑपरेटरसुद्धा हे बोलतो. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारी शेडं उभी राहिली आणि हे शब्द लायनीवर मराठीच होऊन गेले.

अडचण एवढीच की हे सगळे आपण नाम म्हणून वापरतो आणि पुढे ‘झालं, दिला, घेतला’ लावतो. इंग्रजीत त्यांचं क्रियापद करायचं तर तीन गोष्टी बदलतात.

एक, शब्द दोन होतात. नाम ‘हँडओव्हर’ जोडून, क्रियापद ‘हँड ओव्हर’ तोडून. दोन, काळ पहिल्या तुकड्याला लागतो. ‘द मशीन ब्रोक डाउन’, ‘आय हँडेड ओव्हर द शिफ्ट’, ‘दे सेट अप द लाइन येस्टरडे’. ‘ब्रेकडाउन्ड’, ‘हँडओव्हर्ड’ असलं काही नसतं. तीन, बोलताना जोर सरकतो. नामात पहिल्या भागावर, क्रियापदात दुसऱ्यावर. फोनवर समोरच्याला पटकन कळावं म्हणून हा तिसरा बदल महत्त्वाचा. मेलमध्ये तो दिसत नाही, म्हणून सगळे विसरतात.

असे शब्द आपल्या लायनीवर डझनाने आहेत. चेंजओव्हर, शटडाउन, स्टार्टअप, बॅकअप, पिकअप. एकेक घ्या, तोडा, भूतकाळात वाक्य करा. नवीन शब्दसंग्रह विकत घ्यायची गरज नाही.

३. ‘टाकणे, घेणे, ठेवणे’ आठवा

अप, ऑफ, आउट हे शेपूट कशाला, असं नव्यांना वाटतं. पण मराठीत आपणही हेच करतो. ‘कर’ वेगळं, ‘करून टाक’ वेगळं, ‘करून घे’ वेगळं, ‘करून ठेव’ वेगळं. मूळ काम तेच, शेवटच्या तुकड्याने त्याचा रोख ठरतो. इंग्रजीतला तो छोटा शब्द साधारण हेच काम करतो.

‘अप’मध्ये पुष्कळदा संपवण्याचा भाव आहे. ‘यूज अप द ओल्ड स्टॉक’ म्हणजे जुना माल वापरून टाका. ‘फिनिश ऑफ’ म्हणजे उरकून टाकणं. ‘सेट असाइड’ बाजूला काढून ठेवणं, ‘राइट डाउन’ लिहून ठेवणं, ‘सॉर्ट आउट’ गुंता सोडवून टाकणं. जोड्या एकास एक जमत नाहीत. टाकणे म्हणजे नेहमी अप असा नियम करू नका, फसाल. शेवटचा तुकडा फुकटचा नाही एवढं कळलं तरी पाठांतर अर्ध्यावर येतं.

आता जागेचा प्रश्न. ‘फिल इन द फॉर्म’ आणि ‘फिल द फॉर्म इन’ दोन्ही बरोबर. पण फॉर्मऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं : ‘फिल इट इन’. ‘फिल इन इट’ चूक. तसंच ‘पिक इट अप’, ‘सेट इट अप’, ‘हँड इट ओव्हर’. याउलट काही जोड्या फुटत नाहीत : ‘लुक इंटू इट’, ‘गो थ्रू इट’, ‘रन आउट ऑफ इट’. कोणती फुटते, कोणती नाही, हे डिक्शनरीत नोंदीतच दिसतं. ‘फिल समथिंग इन’ असं मध्ये ‘समथिंग’ छापलं असेल तर फुटते. ‘लुक इंटू समथिंग’ असं शेवटी असेल तर नाही. वहीत उतरवताना हे ‘समथिंग’सकटच उतरवा.

४. कामाच्या प्रवासाप्रमाणे शिका, अक्षरांप्रमाणे नको

बाजारातल्या पुस्तकांत ‘ब्रेक’पासून सुरुवात करून ‘ब्रेक’ची आठ रूपं देतात. ती एकमेकांत कालवली जातात आणि एकही लक्षात राहत नाही. त्यापेक्षा एक काम घ्या आणि ते सुरू होऊन संपेपर्यंत काय काय होतं ते लावा.

काम अंगावर घेतलं : ‘टेक ऑन’. चौकशी सुरू : ‘लुक इंटू’. कारण सापडलं : ‘फाइंड आउट’, डोकं चालवून उलगडलं तर ‘फिगर आउट’ किंवा ‘वर्क आउट’. अडकलं : ‘हेल्ड अप’. माल संपला : ‘रन आउट ऑफ’. पुढे ढकललं : ‘पुट ऑफ’, तारीख लांबवली : ‘पुश बॅक’. रद्दच केलं : ‘कॉल ऑफ’. ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांत गल्लत झाली तर ग्राहकाचा माणूस विमानतळावरून परत जाईल, तेव्हा हे दोन नीट पाठ करा. सुट्टीवर गेलेल्याचं काम सांभाळलं : ‘फिल इन फॉर’. कायमचं ताब्यात घेतलं : ‘टेक ओव्हर’. ठरल्याप्रमाणे पार पाडलं : ‘कॅरी आउट’. आवरतं घेतलं : ‘रॅप अप’. मंजुरीची सही : ‘साइन ऑफ’.

एक खरा वाटावा असा प्रसंग घेऊ. ग्राहकाच्या इनकमिंग इन्स्पेक्शनला लॉट अडकलाय, भागाच्या आतल्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत धार, आहे. नवा माणूस लिहितो :

‘सर, मटेरियल इज स्टक. बर प्रॉब्लेम इज देअर. आय विल सी अँड टेल. रीवर्क विल बी डन टिल थर्सडे. प्लीज डू द नीडफुल.’

वाचणाऱ्याला यातून काय कळलं? कुठे अडकलंय माहीत नाही, कोण बघतंय माहीत नाही, आणि त्याने स्वतः काय करायचं तेही माहीत नाही. हाच मेल असा हवा :

‘द लॉट इज हेल्ड अप अ‍ॅट युअर इनकमिंग इन्स्पेक्शन बिकॉज ऑफ अ बर ऑन द इनर एज. वुई आर लुकिंग इंटू द कॉज. माय टीम विल कॅरी आउट द रीवर्क अ‍ॅट युअर प्लांट अँड फिनिश इट बाय थर्सडे. कुड यू साइन ऑफ द अटॅच्ड रीवर्क प्लॅन टुडे, सो दॅट वुई कॅन गो अहेड?’

लांबी वाढली, पण परत फोन येणार नाही.

यातला ‘टिल’ आणि ‘बाय’ बघा. मराठीत दोन्हीला ‘पर्यंत’. ‘गुरुवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘गुरुवारपर्यंत इथेच आहे’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय थर्सडे’, कारण काम त्या मुदतीच्या आत एकदा व्हायचंय. दुसऱ्याला ‘टिल थर्सडे’, कारण ते सलग चालू राहणार. ‘वुई विल सेंड टिल थर्सडे’ म्हटलं तर गुरुवारपर्यंत रोज पाठवत राहणार असा सूर लागतो. आपल्या भागातल्या मेलमध्ये ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते, आणि चुकीची मुदत कुणाच्या लक्षातही येत नाही.

५. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘करायलोय’

या तिन्हींना इंग्रजीत सोडवून सांगावं लागतं.

‘बघतो’चं ‘आय विल सी’ करू नका. इंग्रजीत त्याला टाळाटाळीचा वास येतो. मराठीतही कधी कधी येतो, पण आपण आवाजावरून ओळखतो, मेलला आवाज नसतो. खरंच बघणार असाल तर ‘आय विल लुक इंटू इट अँड गेट बॅक टू यू बाय फोर.’ वेळ नक्की सांगता येत नसेल तर ती कधीपर्यंत कळवणार, तेवढं तरी सांगा : ‘आय विल लेट यू नो बाय टुमॉरो मॉर्निंग व्हेन वुई कॅन शिप.’

‘होऊन जाईल’मध्ये करणारा गायब आहे. ‘इट विल बी डन’ व्याकरणाने शुद्ध आहे, म्हणूनच घातक. कुणाकडून? मीटिंगमध्ये असं म्हटलंत तर पुढचा प्रश्न ‘बाय हूम?’ हाच येणार, आणि तेव्हा शेजाऱ्याकडे बघायची वेळ येते. नाव घालून बोला. ‘टूल रूम विल ग्राइंड इट टुनाइट, आय विल चेक द फर्स्ट पीस.’

‘करायलोय’ मात्र आपलं बलस्थान. पुण्याकडचे ‘करतो’ आणि ‘करतोय’ यांत कधी घोळ घालतील, आपल्याकडे ‘करायलोय, जायलोय, व्हायलंय’ म्हणजे आत्ता, या घडीला चालू. तेच सरळ इंग्रजीत आणा : ‘आय अ‍ॅम वर्किंग ऑन इट.’ पण काम खरोखर हातात असेल तरच. अजून हात लावला नसेल तर ‘आय हॅवन्ट गॉट राउंड टू इट येट’ असं वाक्य आहे. वेळ मिळाला नाही, पण विसरलो नाही. प्रामाणिक आहे आणि उद्धटही नाही.

जाता जाता आदराचं. इंग्रजीत ‘तू-तुम्ही-आपण’ नाही, त्याची भरपाई ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ने होते. नुसतं ‘प्लीज’ पुरत नाही. ‘प्लीज सेंड इमिजिएटली’ हा हुकूमच आहे, प्लीज लावलेला. आणि प्रत्येक ओळीत ‘सर’ नको, सुरुवातीला एकदा पुरे.

६. वाक्प्रचार : ओळखा सगळे, वापरा थोडे

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी वाक्प्रचार वापरायच्या फंदात पडू नका. आपले परदेशी ग्राहक बरेचदा जर्मन, जपानी, कोरियन. त्यांनीही इंग्रजी आपल्यासारखंच पुस्तकातून शिकलेलं असतं. साधं लिहिलं की दोघांचं भलं. पण समोरून आलं तर कळायला हवं :

- ‘टच बेस’ : थोडक्यात बोलून घेणं. ‘बॉलपार्क फिगर’ : अंदाजे आकडा. दोन्ही बेसबॉलमधून आलेत, म्हणून क्रिकेटवाल्यांना कळत नाहीत.
- ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ : आता पाळी तुमची. हे टेनिसचं.
- ‘ऑन द सेम पेज’ : सगळ्यांची समजूत एकच असणं.
- ‘अप इन द एअर’ : अजून ठरलेलं नाही.
- ‘ड्रॉप द बॉल’ : आपल्यावरचं काम आपल्याकडून राहून जाणं.

दोन वाक्प्रचार आपल्याकडे चुकीच्या अर्थाने फिरतात. ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ आपण ‘काहीही करून’ या अर्थाने टाकतो. त्यात वाटेल तो मार्ग, वाकडासुद्धा, हे आलंच. ‘वुई विल क्लिअर द लॉट बाय हुक ऑर बाय क्रुक’ असं क्वालिटीच्या माणसाने ग्राहकाला लिहिणं म्हणजे ऑडिटला आमंत्रण. दुसरा ‘कट कॉर्नर्स’. शॉर्टकटने वेळ वाचवला, हुशारी केली, असा त्याचा अर्थ नाही. नियम डावलून काम उरकणं असा आहे.

आणि ‘टेबल’. ‘लेट अस टेबल धिस’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचाय. अमेरिकन म्हणाला तर विषय आज बाजूला ठेवायचाय. नेमकं उलट. कोण बोलतंय ते बघा, शंका असेल तर विचारा.

७. इथे चालतं, बाहेर अडतं

‘डू द नीडफुल’ हे जुनं ब्रिटिश कचेरीतलं इंग्रजी, तिकडे आता मागे पडलं, इकडे टिकलं. संभाजीनगरातल्या संभाजीनगरात लिहायला माझी हरकत नाही, सगळ्यांना कळतं. बाहेर पाठवताना मात्र नेमकं काय करायचं ते लिहा.

‘प्लीज रिव्हर्ट’ जास्त धोक्याचं. आपल्याकडे उत्तर द्या, बाहेर ‘पूर्वीच्या स्थितीला न्या’. ड्रॉइंगच्या नव्या आवृत्तीबद्दल मेल चालू असताना ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत तर समोरचा जुनी आवृत्ती परत लागू करायची का, असं विचारेल. ‘प्लीज रिप्लाय’ लिहा.

‘प्रीपोन’ आपलं, भारतीय. बाहेरच्यांसाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘आउट ऑफ स्टेशन’ऐवजी ‘आउट ऑफ टाउन’.

आणि बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन २०२३’ लिहू नका. पासिंग आउट परेड असते ती लष्कराची, पोलिसांची. तिथे तो शब्द शोभतो. इतरांनी लिहिलं तर बाहेरचा माणूस ‘हा २०२३ मध्ये बेशुद्ध पडला’ असं वाचतो. ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२३’ सरळ आहे.

८. सराव कसा करायचा

शनिवारी, किंवा तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, ‘सेंट’ फोल्डर उघडा. आठवड्यातले तीन मेल निवडा. प्रत्येकात तीनच प्रश्न : काम कोण करणार हे दिसतं का, कधीपर्यंत हे दिसतं का, समोरच्याने काय करायचं हे दिसतं का. जिथे दिसत नाही ती ओळ वहीत दुरुस्त करून लिहा. परत पाठवायची नाही, फक्त लिहायची.

बोलण्यासाठी, शिफ्ट संपल्यावर बसमध्ये मोबाइलवर मिनिटभराचं हँडओव्हर स्वतःच रेकॉर्ड करा. ‘द मशीन ब्रोक डाउन अ‍ॅट इलेव्हन. मेंटेनन्स लुक्ड इंटू इट. वुई रॅन आउट ऑफ इन्सर्ट्स.’ शेजारचा बघेल याची लाज पहिल्या दिवशीच वाटते.

क्लासची फी भरायची की नाही, असं बरेच विचारतात. क्लासवाला तुमच्या विभागातले मेल बघून शिकवणार असेल तर भरा. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची पाटी असेल तर त्या पैशात हेडफोन घ्या.

फोनवर परदेशी माणूस बोलतोय आणि काहीच कळलं नाही, तर ‘येस सर, ओके सर’ म्हणत राहू नका. त्याला वाटतं तुम्ही काम स्वीकारलं. दोन वाक्यं टेबलावर चिकटवून ठेवा. ‘कुड यू गो ओव्हर दॅट अगेन, प्लीज?’ आणि फोन ठेवायच्या आधी, ‘कुड यू पुट दॅट इन अ मेल, सो आय डोन्ट लीव्ह एनिथिंग आउट?’